लोखंडाचे कण आणि कॅन्सरची गाठ

चिकलठाण्याच्या कारखान्यांत लोखंडाचा भुगा पडतो. लोहचुंबक जवळ नेला की भुगा धावत येऊन चिकटतो. लोखंडाचा हा गुण कॅन्सरवर कसा वापरावा, याचा शोध शास्त्रज्ञ करीत आहेत. मुंबईच्या आय.आय.टी.तही असे काम झाले आहे.

हे कण लोखंड आणि प्राणवायू मिळून बनतात. ते फार बारीक असतात. एका मिलिमीटरचे १०,००,००० भाग करा. त्यांतले दहा-वीस भाग, एवढाच एक कण!

कणावर औषधाचा लेप देतात. गाठीला चिकटणारे द्रव्यही लावतात. कण सुईने शरीरात सोडतात. मग एम.आर.आय. यंत्राच्या चित्रात गाठ उठून दिसते. बाहेरून चुंबकाची दिशा भराभर उलटसुलट केली की कण तापतात. ४२ ते ४५ अंश उष्णता झाली की गाठीच्या पेशी मरू लागतात. आजूबाजूचे चांगले मांस वाचावे, हा यातला हेतू.

पण यातले बरेच काम अजून प्रयोगातच आहे. त्याची वाट पाहत बसू नका. तंबाखू सोडा. तोंडातली जखम १५ दिवसांत भरली नाही, स्तनात गाठ लागली, तर लाजू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर रुग्णालय आहे. गाठ लहान असते तोवरच उपाय सोपा असतो.