मनी प्लांटची छाटणी : कोंब पेरावर, कीडही पेरावरच

मनी प्लांट आपल्याकडे इतका रुळला आहे की, तो मूळचा प्रशांत महासागरातील मूरेआ बेटावरचा आहे हे ऐकून अनेकांना नवल वाटते. एपिप्रेम्नम ऑरियम हे त्याचे शास्त्रीय नाव; कूळ अळूचेच. कमी उजेड आणि अनियमित पाणी दोन्ही तो सोसतो. दोन-तीन वर्षांत वेल खिडकीच्या गजांना वळसे घालत आठ-दहा फूट लांबतो, कुंडीजवळचा भाग उघडा पडतो आणि पाने टोकाशीच उरतात. मग छाटणी होते व तुकडे शेजारी, नातेवाईक आणि कार्यालयातील सहकारी यांच्याकडे रवाना होतात. या भेटीबरोबर आणखी काय जाते, याकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते.

छाटणी स्वतः अवघड नाही. शेंड्याकडील वाढ काढली की खालच्या पेरांवरील सुप्त डोळे जागे होतात. त्यामुळे उघडा पडलेला वेल मातीपासून वीतभर अंतरावर, पेराच्या किंचित वर छाटावा. तेथून नवे फुटवे येतात. काढलेल्या वेलाचे दोन-तीन पेरांचे तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्यावर पेर असणे अनिवार्य आहे, कारण हवाई मुळाची गाठ आणि कोंबाचा डोळा दोन्ही तेथेच असतात. देठासकट नुसते पान पाण्यात ठेवल्यास त्याला कधी मुळे फुटतात; वेल मात्र कधीच होत नाही. कोकणात किंवा केरळात हे काम जवळजवळ वर्षभर करता येते. दिल्ली-पंजाबच्या थंडीत मात्र तुकडे मुळे न धरता कुजतात. तेथे फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबावे. चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असल्याने हात खाजतात. हातमोजे वापरावेत आणि तुकडे लहान मुले व जनावरे यांच्यापासून दूर ठेवावेत.

खरी अडचण पेरापाशीच आहे. पिठ्या ढेकणाला (मिलीबग) आडोसा लागतो आणि देठाचा बेचका व हवाई मुळाची खोबण यांहून चांगला आडोसा या वेलावर नाही. म्हणजे लागवडीस जो भाग हवा, नेमका तोच किडीचे घर असतो. लिंबूवर्गीय पिकांवरील पिठ्या ढेकणाची एक मादी कापसासारख्या पिशवीत साधारण 300 ते 600 अंडी घालते. त्यातून निघणारी फिकट पिल्ले इतकी बारीक असतात की नुसत्या नजरेला तुकडा स्वच्छ वाटतो. घरात परभक्षी भुंगेरे नाहीत, परोपजीवी कीटक नाहीत, पाऊसही नाही. त्यामुळे शेतात जी कीड काही प्रमाणात आवरली जाते, ती खिडकीत निर्वेध वाढते.

हा प्रश्न केवळ शोभेपुरता नाही. पपईवरील पिठ्या ढेकूण भारतात प्रथम 2008 मध्ये कोईमतूर येथे आढळला. पपईबरोबरच तुती व टॅपिओका यांचे नुकसान करीत तो महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पोहोचला. अखेर 2010 मध्ये प्वेर्तो रिकोहून अ‍ॅसेरोफॅगस पपायी हा परोपजीवी कीटक आणून सोडल्यावर त्याला आळा बसला. या किडीचे एक आवडते आश्रयस्थान म्हणजे अंगणातील जास्वंद. पिठ्या ढेकणाच्या मादीला पंख नसतात. पिल्ले वाऱ्याने किंवा मुंग्यांमुळे पसरतात खरी, पण जिल्हा ओलांडण्यासाठी त्यांना रोपे, कलमे आणि माणसाची पिशवीच लागते. ज्याच्या परसात पेरू, लिंबू किंवा पपई आहे, त्याने शोभेच्या झाडाचा तुकडाही कलमाइतक्याच काळजीने पारखून घ्यावा.

त्यासाठी भिंग आणि दहा मिनिटे पुरतात. प्रत्येक बेचका उघडून पाहावा. पांढरा पुंजका, चिकट स्राव किंवा मुंग्यांची रांग दिसल्यास तो तुकडा ठेवूच नये. मनी प्लांटला तुटवडा नाही. दुर्मीळ वाण असेल तरच 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने खोबणी पुसाव्यात. स्वच्छ दिसणारे तुकडेही लिटरभर पाण्यात सुमारे 5 मिलि सौम्य द्रव साबण मिसळून त्यात धुवावेत व नंतर साध्या पाण्याने खळखळून घ्यावेत. घरात आंतरप्रवाही कीटकनाशक वापरण्याचा मोह टाळावा. उष्ण हवामानात या किडीची एक पिढी साधारण महिनाभरात पूर्ण होते. म्हणून नवे रोप निदान चार आठवडे इतर झाडांपासून वेगळे ठेवावे. नेमकी हीच पायरी सर्वाधिक वगळली जाते.

पाण्याच्या बाटलीत मुळे धरणाऱ्यांनी आणखी एका कीटकाचे भान ठेवावे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अशी साठलेली, स्वच्छ, सावलीतील पाण्याची जागा फार मानवते. आठवड्यातून एकदा पाणी बदलणे आवश्यक आहे, पण तेवढे पुरेसे नाही. त्याची अंडी पाण्याच्या पातळीलगत काचेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. बाटली आतून ब्रशने घासावी. बोटभर मुळे आली की तुकडे कोकोपीट, माती व कुजलेले शेणखत यांच्या मिश्रणात लावावेत.

उरलेला छाट परसात फेकू नये. स्वच्छ तुकडा पावसाळ्यात जेथे पडेल तेथे रुजतो आणि नारळ-आंब्याच्या खोडावर चढून हातभर पाने काढतो. कीडग्रस्त तुकड्यावरील पिल्ले तो सुकण्यापूर्वीच जवळचे झाड गाठतात. असा छाट काळ्या प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून आठ-दहा दिवस कडक उन्हात ठेवावा आणि मगच खताच्या खड्ड्यात टाकावा.