स्पीकर घेताय? आधी आवाज सारखा करा



सुगी आटोपली, हातात चार पैसे आले, की घरात चांगला म्युझिक सेट यावा असे वाटते. त्यात वावगे काही नाही. पण दुकानात जो जास्त मोठ्याने वाजतो तोच आपण उचलतो, आणि इथेच पैसा वाया जातो.

दोन वाणांची तुलना तुम्ही कशी करता? जमीन एक, पेरणीची तारीख एक, खतपाणी सारखे. एका वाणाला पाण्याच्या दोन पाळ्या जास्त दिल्या तर त्या तुलनेला काय अर्थ? स्पीकरचेही तसेच आहे.

हळू आवाजात खालचे स्वर कानाला कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की ते भरून येतात. अमेरिकेतील फ्लेचर व मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली हे मोजून दाखवले. म्हणून मोठ्याने वाजणारा सेट भारदस्त वाटतो. शिवाय तेवढ्याच वॅटमध्ये काही स्पीकर मुळातच मोठे वाजतात. माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल असलेल्या स्पीकरला ९० डेसिबलवाल्याची बरोबरी करायला दुप्पट वॅट लागतात.

मग पारख कशी करावी?

१) दोन्ही स्पीकर एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर, आळीपाळीने एकाच जागी ठेवून ऐका. कोपऱ्यात ठेवलेल्याचा बास उगाच फुगतो.

२) गाणे एकच लावा, तेही पाठ असलेले. गळा, तबला, टाळ नीट ऐका.

३) बसल्या जागी मोबाइलच्या अ‍ॅपवर आवाज मोजा आणि दोन्हींचा सारखा करून घ्या.

४) कोणता चालू आहे हे न बघता पसंती सांगा.

५) खोक्यावरच्या हजारो वॅट 'पीएमपीओ'ला भुलू नका. 'आरएमएस' वॅट किती, ते विचारा. स्पीकरचे ओहम अ‍ॅम्प्लिफायरला चालतात का, तेही बघा.

चांगल्या बनावटीचे दोन अ‍ॅम्प्लिफायर ताकदीच्या आत, सारख्या आवाजात वाजवले तर फरक ओळखणे भल्याभल्यांना जड जाते. स्पीकरमधला फरक मात्र चटकन कळतो. तेव्हा पैसा आधी स्पीकरवर घाला.

सरपंच मंडळींनी समाजमंदिरासाठी सेट घेतानाही हीच रीत ठेवावी. रिकामे सिमेंटचे सभागृह घुमते. दुकानात स्पष्ट वाटलेले भाषण तिथे कळेलच असे नाही. म्हणून जागेवर वाजवून पाहायची अट आधी ठरवा, मगच बिल करा.