तंतू, राळ आणि झीज

आपल्याकडे मातीची भिंत घालताना मातीत भाताचे तूस किंवा गवताची काडी मिसळीत आणि तो गारा चार दिवस मुरू देत. नुसती माती वाळताना तडकते; काडी असली म्हणजे भेग तिच्यापाशी येऊन अडते. मातीच्या जागी राळ आणि काडीच्या जागी काचेचा किंवा कार्बनचा तंतू घातला, की ज्याला शास्त्रज्ञ 'संमिश्र' म्हणतात तो पदार्थ झाला. आपल्या किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या कितीतरी होड्या आता लाकडाऐवजी 'फायबर'च्या असतात, त्या याच जातीच्या.

पण काच ती काच! तिने बळकटी कशी आणावी? ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२० साली याचा उलगडा केला. काच मुळात दुबळी नाही. तिच्या पृष्ठभागावरील डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा तिचा घात करतात. त्याने काचेचे धागे ओढून तोडून पाहिले. एक मिलिमीटर जाडीचा धागा दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १,७५० किलोग्रॅम ताणाने तुटला. तीन-साडेतीन सहस्रांश मिलिमीटर जाडीच्या धाग्याने जवळजवळ ३४,००० किलोग्रॅम सोसले. काच तीच, बळ वीसपट! इतक्या बारीक धाग्यात मोठ्या भेगेला जागाच उरत नाही.

मग नुसते धागेच का वापरू नयेत? दोराने ओढता येते, ढकलता येत नाही, म्हणून. राळ तंतूंना जागच्या जागी धरून ठेवते. एखादा तंतू तुटला तर त्याचा भार शेजाऱ्यांवर वाटून देते. या दोघांची पकड मात्र बेताची हवी. ती सैल असली तर तंतू निसटतात. फार घट्ट असली तर भेग कोठेही न अडता आरपार जाते. दुसरी गोष्ट दिशेची. बुरूड बांबू उभा किती सहज चिरतो हे आपण पाहतो, पण तोच बांबू आडवा तोडायला घाम फुटतो. संमिश्राचेही तसेच. तंतूंच्या दिशेने अचाट बळ. आडव्या दिशेने केवळ राळेचे. म्हणून कारागीर थरावर थर निरनिराळ्या दिशांनी रचतात. त्यात एका दिशेचे बळ काहीसे खर्ची पडते, हे ओघानेच आले.

हा व्यवहार किती महाग पडू शकतो याचे उदाहरण रोल्स-रॉइस कंपनीचे. आरबी २११ या विमानाच्या एंजिनासाठी तिने पुढच्या पंख्याची पाती कार्बन-तंतूंची केली. वजन घटले, ताण सोसण्यात पाती सरस ठरली. १९७० मध्ये पक्षी आदळण्याची कसोटी घेतली, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पात्यांवर मेलेली कोंबडी फेकली, तेव्हा पात्यांच्या चिंधड्या उडाल्या. ताणाला पुरणारा पदार्थ आडव्या आघाताला पुरलाच नाही. थर सुटले, राळ ठिसूळ ठरली. अखेर टिटॅनियमची पाती घालावी लागली आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. सारा दोष पात्यांचा नव्हे. करारातील भाव आणि प्रत्यक्ष खर्च यांचा मेळच बसत नव्हता. तरी कोंबडीने घाव घातला तो घातलाच. पुढे १९९५ मध्ये जीई ९० या एंजिनात संमिश्राची पाती यशस्वी झाली. पण त्यांची राळ अधिक चिवट होती आणि आघात सोसणाऱ्या कडेवर टिटॅनियमची पट्टी होती.

आता झिजेकडे वळू. बळकट तो टिकाऊ, असे आपण सहज धरून चालतो. ते खरे नाही. १९३८ साली सापडलेले टेफ्लॉन घ्या. घर्षण नाममात्र, पण घासताना त्याचे पापुद्रे भराभर सुटतात. त्यात काचतंतू, कार्बन किंवा काशाची पूड मिसळली की झीज शेकडो पटींनी घटते. ही भर पापुद्रे सुटू देत नाही आणि समोरच्या धातूवर टेफ्लॉनचा पातळ लेप बसू देते. पुढे लेपावर टेफ्लॉनच घासत राहते. मात्र काच कठीण पडली. समोरचा दांडा मऊ पोलादाचा किंवा ॲल्युमिनियमचा असेल तर ती त्यालाच ओरखडते, आणि तुटलेले तंतू वाळूसारखे दोघांनाही खातात. तेथे कार्बन किंवा ग्राफाइट बरे. शिवाय प्लास्टिक उष्णतेचे मंद वाहक असल्यामुळे घर्षणाची ऊब तेथेच साठते. पोलाद लाटण्याच्या गिरण्यांत सुती कापड आणि फेनॉलची राळ यांची बेअरिंगे काशाच्या जागी आली, ती तेलावर नव्हे तर पाण्यावर चालत. पाणी वंगणाचेही काम करी आणि ऊबही वाहून नेई.

साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरील पवनचक्क्यांची पाती काचतंतूंचीच. मोठ्या चक्कीच्या पात्याचे टोक ताशी दोनशे-अडीचशे किलोमीटर वेगाने फिरते, आणि त्या वेगाला पावसाचा थेंबही खड्यासारखा लागतो. आधी रंग जातो, मग राळेला खळगे पडतात, शेवटी तंतू उघडे होतात. तोवर पाते मोडत नाही. पण कड खडबडीत झाल्यामुळे तोच वारा कमी वीज देऊ लागतो. मग दोरांवर लोंबकळत माणसे वर चढतात, कड घासून गुळगुळीत करतात आणि तिच्यावर पॉलियुरेथेनचा चिवट लेप चढवतात.