विश्लेषण : २० वर्षांत अवघ्या १२ कसोटी! झुलन गोस्वामीची कारकीर्द काय सांगते?

नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी नमवून एकदिवसीय विश्वचषक प्रथमच जिंकला. जल्लोष सुरू असताना हरमनप्रीत कौर आणि सहकाऱ्यांनी तो चषक झुलन गोस्वामीच्या हाती दिला आणि झुलनला अश्रू आवरले नाहीत. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या गोलंदाजाला हा मान का मिळाला?

सुरुवात कशी झाली?

झुलन पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यातील चकदाहची. १९९७ च्या महिला विश्वचषकाचा अंतिम सामना कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर झाला, तेव्हा ती सीमारेषेबाहेर चेंडू गोळा करून देणारी 'बॉल गर्ल' होती. देशासाठी खेळायचे, हे तिने तिथेच ठरवले. सरावासाठी ती पहाटेची रेल्वे पकडून कोलकाता गाठू लागली. जानेवारी २००२ मध्ये इंग्लंडविरुद्ध तिने आंतरराष्ट्रीय पदार्पण केले.

आकडे काय सांगतात?

एकदिवसीय क्रिकेटमध्ये तिने २०४ सामन्यांत २५५ बळी घेतले. निवृत्त झाली तेव्हा महिलांच्या क्रिकेटमधील हा विश्वविक्रम होता. २००७ मध्ये ती 'आयसीसी'ची वर्षातील सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू ठरली.

कसोटीतही १७.३६ च्या सरासरीने तिच्या नावावर ४४ बळी आहेत. पण सामने केवळ १२. तिच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये आलेला इंग्लंडचा वेगवान गोलंदाज जेम्स अँडरसन १८८ कसोटी खेळून निवृत्त झाला.

इतक्या कमी कसोटी का?

ऑगस्ट २००६ मध्ये टाँटन कसोटीत झुलनने ७८ धावांत १० बळी घेतले आणि भारतीय महिलांनी इंग्लंडमध्ये प्रथमच कसोटी मालिका जिंकली. तेव्हा ती २३ वर्षांची होती. पुढची कसोटी खेळली तेव्हा तिचे वय होते ३१! वेगवान गोलंदाजाच्या उमेदीची वर्षे कसोटीविना गेली. त्या आठ वर्षांत भारतीय महिला संघाने एकही कसोटी खेळली नाही. २०१४ मध्ये दोन सामने झाले आणि पुन्हा थेट २०२१ पर्यंत खंड पडला.

बदल कधी झाले?

महिला क्रिकेटचा कारभार २००६ मध्ये 'बीसीसीआय'कडे आला. महिलांना वार्षिक करार मिळायला मात्र २०१५ उजाडले. झुलनने २४ सप्टेंबर २०२२ रोजी लॉर्ड्सवर अखेरचा सामना खेळला. पुरुषांइतक्याच सामना मानधनाची घोषणा झाली ती त्यानंतर महिनाभराने. महिला प्रीमियर लीग २०२३ मध्ये सुरू झाली आणि झुलन मुंबई इंडियन्सच्या संघात दाखल झाली, पण मार्गदर्शक म्हणून. २००५ आणि २०१७ अशा दोन विश्वचषकांच्या अंतिम सामन्यांतही तिला उपविजेतेपदावरच समाधान मानावे लागले होते.

आता चित्र पालटले का?

काही अंशी. डिसेंबर २०२३ मध्ये भारतीय महिलांनी डी. वाय. पाटील स्टेडियमवर इंग्लंडला, तर वानखेडेवर ऑस्ट्रेलियाला कसोटीत हरवले. एकाच महिन्यात दोन कसोटी, हे झुलनच्या पिढीला क्वचितच लाभले. पण दोन्ही वेळा मालिका नव्हे, एकच कसोटी होती. २००६ च्या त्या इंग्लंड दौऱ्यानंतर २०२४ पर्यंत भारतीय महिलांना एकाहून अधिक कसोटींची मालिका खेळायला मिळाली नाही.