टोळी निघाली, नोंद कुठे राहिली?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. समजा, गेवराई तालुक्यातील उमापूरच्या एका मजुराचे क्षयरोगाचे उपचार महिन्यापूर्वी सुरू झाले आहेत. नेहमीच्या क्षयरोगाला सहा महिने औषध लागते आणि तोडणीचा हंगामही जवळजवळ तेवढाच चालतो. गोळ्या गावात आणि रुग्ण फडावर, अशी वेळ येते ती यामुळेच.

संगणकशास्त्रालाही असाच प्रश्न पडतो. माणसे म्हणजे बिंदू आणि त्यांचे संबंध म्हणजे रेषा, असे जाळे कल्पून रोगाचा प्रसार अभ्यासता येतो. या गणिताचा पाया ऑयलरने 1736 मध्ये प्रेगेल नदीवरील सात पुलांचे कोडे सोडवताना घातला. गूगलच्या अभियंत्यांनी 2010 मध्ये मांडलेल्या प्रणालीचे नावही ‘प्रेगेल’च आहे. ती अवाढव्य जाळे अनेक संगणकांत वाटून फेऱ्या-फेऱ्यांनी काम करते. जाळ्यातला बदल एका फेरीत मागितला की पुढच्या फेरीत लागू होतो. त्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी रेषा काढायच्या, मग बिंदू काढायचे. त्यानंतर नवे बिंदू जोडायचे आणि शेवटी नव्या रेषा.  एकच बिंदू दोन संगणकांनी वेगवेगळ्या माहितीसह जोडला, तर निवाड्याचा नियम आधी देता येतो. तो दिला नसेल, तर प्रणाली त्यातली कोणतीही एक नोंद ठेवते.

रुग्णाच्या बाबतीत मात्र ‘कोणतीही एक’ चालत नाही. क्रमही उलटा हवा. संगणकात दोन फेऱ्यांच्या मध्ये सगळे थांबलेले असते, पण रुग्णाच्या गोळ्या रोजच्या रोज घ्याव्या लागतात. म्हणून नव्या आरोग्य केंद्राने रुग्ण स्वीकारल्याशिवाय जुन्याने त्याला सोडू नये. क्षयरुग्णांच्या ‘निक्षय’ प्रणालीत प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक असतो. त्यावरून उपचार दुसऱ्या केंद्राकडे वर्ग करता येतात.

आणखी एक फरक आहे. जाळ्यातली रेषा पुसता येते, झालेली लागण पुसता येत नाही. म्हणून गावी राहिलेले आई-वडील, मुले आणि फडावरच्या कोपीतले सोबती, अशा दोन्हीकडच्या माणसांची तपासणी व्हायला हवी.

निघण्यापूर्वी एवढे करा:

• आशाताईंना कारखान्याचे नाव आणि मुकादमाचा मोबाइल क्रमांक द्या.
• निक्षय क्रमांक व उपचार कार्डाचा फोटो जवळ ठेवा.
• नवे केंद्र मिळेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या मागून घ्या.
• बरे वाटले तरी औषध थांबवू नका. अर्धवट उपचारांनी आजार उलटतो आणि जंतू औषधांना दाद देईनासे होतात.
• कोपीत कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि औषधे मोफत आहेत.