वडिलांचा संगणक आणि बदलाचा हिशेब

मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली बाजारात आणलेल्या ‘विंडोज १०’ या संगणक प्रणालीला मिळणारा नियमित सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला. काही अटींवर मिळणारी वाढीव मुदत हा तात्पुरता उपाय होय. तिच्यानंतरची ‘विंडोज ११’ अनेक जुन्या यंत्रांना नियमानुसार घेता येत नाही. कारण तिला लागणारा अलीकडचा प्रोसेसर आणि सुरक्षा-घटक त्यांत नसतो. यंत्र धडधाकट, परंतु प्रणाली निवृत्त, अशी ही अवस्था आहे. साहजिकच अनेक घरांत एक नवा वाद उभा राहिला आहे. मुले म्हणतात, विनामूल्य मिळणारी ‘लिनक्स’ घाला, जुने यंत्र आणखी काही वर्षे चालेल. निवृत्त वडील म्हणतात, आहे ते ठीक चालले आहे, त्याला हात लावू नका.

मुलांचा पक्ष प्रगतीचा आणि वडिलांचा हटवादाचा, असे मानण्याची प्रथा आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता चित्र निराळे दिसते. वस्तूची किंमत शून्य असली म्हणजे ती स्वीकारण्याचा खर्च शून्य होत नाही. वर्षानुवर्षांच्या सरावाने बोटांत उतरलेले कौशल्य हे एक भांडवलच असते आणि प्रणाली बदलताच त्यातील काही भाग निकामी होतो. तिशीतला माणूस हे नुकसान पुढील तीस वर्षांत भरून काढील. सत्तरीतल्या माणसाने तोच हिशेब वेगळा मांडला तर त्यास अडाणी कसे म्हणावे? शिवाय वीजबिल भरणे, बँकेचे खाते पाहणे ही कामे जो आज स्वतः करतो, त्याला उद्या प्रत्येक वेळी मुलाला विचारावे लागणार असेल, तर त्याची किंमत पैशांत मोजता येत नाही.

टंकलेखन यंत्रावरील इंग्रजी अक्षरांची जुनी मांडणी संगणकावरही का टिकली, याची चर्चा पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ साली एका गाजलेल्या निबंधात केली. एकदा असंख्य हातांना एक मांडणी सवयीची झाली की नवी मांडणी रुजणे कठीण होते, असा त्याचा आशय होता. पर्यायी मांडणी खरोखरच सरस होती काय, यावर लिबोविट्झ आणि मार्गोलिस यांनी १९९० साली आक्षेप घेतला. तथापि शिकलेला हात पुन्हा शिकवण्यास खर्च येतो, ही गोष्ट वादातीत आहे.

मराठी माणसाच्या बाबतीत हा खर्च दुहेरी आहे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीला १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून स्थान आहे. तरीही आपली कार्यालये आणि छापखाने त्यानंतर कित्येक वर्षे निरनिराळ्या फाँटांच्या स्वतंत्र संकेतांवर चालले. अशा फाँटात लिहिलेला मजकूर तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडला, तर इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांचा अर्थहीन गोंधळ तेवढा दिसतो. मराठी टंकलेखनाची परीक्षा देऊन नोकरीला लागलेल्या कारकुनाची किंवा शिक्षकाची टिपणे, पत्रव्यवहार, सोसायटीची इतिवृत्ते अशाच फायलींत असतात. त्या हातच्या जातील, ही त्याची भीती काल्पनिक नाही.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आहे तिथेच राहणे फुकट नसते. आधार संपलेल्या प्रणालीत नवी छिद्रे सापडतात. ती बुजवली जात नाहीत. त्याच यंत्रावरून निवृत्तिवेतनाचे खाते हाताळले जात असेल, तर धोका दर महिन्यास वाढतो. हा खर्च डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तो वडिलांच्या हिशेबातून सुटतो. तो त्यांच्यापुढे शांतपणे, भीती न घालता मांडणे हे मुलांचे काम आहे.

मन वळवण्याचा मार्ग वादातून जात नाही. बदलाचा खर्च कमी करण्यातून जातो. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स हे कार्यक्रम विंडोज व लिनक्स या दोहोंवर चालतात. आधी ते जुन्या प्रणालीवरच वापरावयास द्यावेत. हात बसला की पाया बदलावा. लिनक्सच्या अनेक आवृत्त्या पेन ड्राइव्हवरून, मूळ यंत्रास धक्का न लावता चालवून पाहता येतात. प्रिंटर, स्कॅनर व टंकलेखनाची सवयीची मांडणी चालते की नाही, हे तेव्हाच तपासावे. सर्व फायलींची प्रत काढावी, जुना मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि तो खुद्द वडिलांकडून वाचून घ्यावा. कारण अशा रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात आणि चूक लेखकालाच प्रथम दिसते. एवढे करूनही एखादे अत्यावश्यक काम अडत असेल, तर बँकेचे व्यवहार त्या यंत्रावरून बंद करणे किंवा नवे यंत्र घेणे, हाही रास्त निर्णय ठरतो.

दिवाळीच्या सुटीत दोन दिवसांसाठी यावे, प्रणाली बदलावी आणि नोकरीच्या गावी परतावे, याला मदत म्हणता येणार नाही. त्यात समाधान मुलाला मिळते आणि खर्च वडिलांच्या माथी पडतो. ज्याला बदल हवा आहे, त्याने पुढचे काही महिने रोजच्या शंकांना उत्तर देण्याची तयारी ठेवली पाहिजे. तेवढा वेळ देणे शक्य नसेल, तर वडिलांचा नकार योग्यच समजावा.