अंथरूण एक, पाय सात

आधी आकडे मांडतो. ऑगस्ट १९१४ मध्ये युरोपात महायुद्ध पेटले, तेव्हा हिंदुस्थानच्या सैन्यात राखीव शिपाई धरून १ लाख ९४ हजार हिंदी लढवय्ये होते. युद्ध संपेपर्यंत आणखी ७ लाख ९१ हजार भरती झाले. बेरीज ९ लाख ८५ हजार. त्यांतले ५ लाख ५२ हजार समुद्रापार गेले. खेचरे हाकणारे, पाणी वाहणारे, स्वयंपाकी, डोलीवाले, हमाल असे न लढणारे लोक वेगळे. ते युद्धापूर्वी ४५ हजार होते. युद्धकाळात त्यांत ४ लाख २७ हजारांची भर पडली आणि ३ लाख ९१ हजार जण बाहेर पाठवले गेले.

म्हणजे सगळी मिळून साडेचौदा लाखांवर माणसे. एवढे मनुष्यबळ असलेल्या सैन्याची ओढाताण झाली असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याला ते खरे वाटणार नाही. तरी ती झाली. तिचा सर्वांत मोठा फटका ज्या तुकडीला बसला, तिच्या नावातच पुणे होते.

सैन्य ताणले गेले आहे का, हे तपासताना एक सोपा भागाकार करण्याची पद्धत आहे: एकूण किती, त्यांतले आघाडीवर किती. इथे तो ५६ टक्के येतो. भागाकार बरोबर आहे, पण त्याचा उपयोग नाही. तो १९१८ अखेरचा आहे. १९१५ साली जो शिपाई खंदकात उभा होता, त्याच्या पाठीशी १९१८ ची भरती उभी नव्हती. त्याच्या पाठीशी काय होते, हे शोधायचे तर शाळेतल्या बेरजेतला ‘हातचा’ शोधावा लागतो.

हातचा फार थोडा होता. युद्धापूर्वी या सैन्याची वर्षाची भरती सुमारे १५ हजार. राखीव शिपाई ३५ हजारांच्या आसपास, आणि त्यांतले बरेच वय झालेले किंवा प्रकृतीने खचलेले. राखीव अधिकाऱ्यांच्या यादीत नावे होती चाळीस. चाळीस हजार नव्हेत, चाळीसच. एका हिंदी पलटणीत साधारण साडेसातशे शिपाई आणि बारा-तेरा ब्रिटिश अधिकारी असत. हे अधिकारी शिपायांची भाषा शिकलेले, त्यांची गावे आणि भांडणे माहीत असलेले. ते पडले की त्यांच्या जागी लंडनहून कोणीही पाठवून भागत नसे. आलेल्या नव्या साहेबाला मराठी किंवा पंजाबी कळत नसे, आणि शिपायाला त्याचे इंग्रजी.

मार्च १९१५ मध्ये फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलच्या लढाईत हिंदी कोअरचे, त्यातल्या ब्रिटिश पलटणींसह, सुमारे ४,२०० जण मारले गेले किंवा जखमी झाले. लढाई चार दिवसांची. १५ हजारांच्या वार्षिक भरतीशी हा आकडा ताडून पाहावा.

हे सैन्य मुळात बांधले होते वायव्य सरहद्दीसाठी. अफगाणिस्तानच्या बाजूने कोणी आले तर खिंडीत गाठायचे, हा त्याचा आराखडा. लढण्यासाठी नऊ डिव्हिजन होत्या. त्यांतल्या तीन सरहद्दीवरून हलवता येण्यासारख्या नव्हत्या. उरलेल्यांतून वर्षभरात ‘ए’ पासून ‘जी’ पर्यंत सात मोहिमा निघाल्या: एक फ्रान्सला, दोन पूर्व आफ्रिकेत, एक मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये, दोन इजिप्तच्या बाजूला आणि एक गॅलिपोलीला. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपण म्हणतो. इथे अंथरूण एकच होते आणि पाय सात दिशांना गेले होते. गोऱ्या पलटणीही इतक्या बाहेर काढल्या गेल्या, की काही आठवडे अख्ख्या देशात १५ हजारांच्या आसपासच ब्रिटिश सैनिक उरले होते. युद्धापूर्वी ते सुमारे ७५ हजार होते.

आता ‘डी’, म्हणजे मेसोपोटेमियाची मोहीम.

सहाव्या पुणे डिव्हिजनची एक ब्रिगेड ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून निघाली. काम मर्यादित होते. इराणच्या आखाताच्या टोकाचे तेल सांभाळायचे आणि बसरा ताब्यात ठेवायचे. नोव्हेंबर संपण्यापूर्वी बसरा हाती आले. मग बसऱ्याच्या रक्षणासाठी पुढचे गाव, त्या गावाच्या रक्षणासाठी त्याच्या पुढचे, असे करत तैग्रिस नदीच्या काठाने सैन्य वर सरकत गेले. १९१५ च्या शरदात ते बगदादच्या आग्नेयेला सुमारे १६० किलोमीटरवर कूत-अल-अमाराला पोचले होते. गॅलिपोलीत अपयश आल्याने लंडनला एखादा विजय हवाच होता. बगदादवर चालून जाण्यास परवानगी मिळाली आणि फ्रान्समधून दोन हिंदी डिव्हिजन पाठवू, असे आश्वासनही. आश्वासन तारेने लगेच आले. त्या डिव्हिजन मात्र पोचल्या तोवर ज्यांच्या मदतीला त्या यायच्या होत्या, ते वेढले गेले होते.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळच्या टेसिफोनला या डिव्हिजनचे सेनापती मेजर जनरल टाउनशेंड यांच्या हाताशी लढणारे सुमारे ११ हजार होते. त्यांतले ४,६०० च्या आसपास पडले किंवा जखमी झाले. दर पाचांतले दोन. माघार घेत उरलेले कूतला परतले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुर्कांनी वेढा आवळला. आत अडकलेल्या पलटणींत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या.

या ठिकाणी शिपायांची संख्या हा प्रश्न मागे पडतो. जानेवारी १९१६ मध्ये बसऱ्याला हजारो ताज्या दमाचे सैनिक उतरलेले होते, पण त्यांना नदीने वर न्यायला बोटी नव्हत्या. तैग्रिसला पुरेशा उथळ पाण्यात चालणाऱ्या बोटी लागत, आणि ज्या होत्या त्यांवर अन्न, दारूगोळा, चारा, माणसे आणि जखमी यांची एकमेकांशी स्पर्धा चाले. रेल्वे नाही. बसऱ्याला जहाज लागेल असा धड धक्काही नाही. माल नदीत उभ्या जहाजांवरून होड्यांनी उतरवायचा. माणूस मुंबईहून बसऱ्याला पोचवणे सोपे होते. बसऱ्याहून कूतच्या दिशेला पोचवणे जमत नव्हते.

टेसिफोनचे जखमी परत कसे आले, हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या मेजर कार्टर या डॉक्टरने पुढे चौकशी आयोगाला सांगितले. ‘मेजिदिये’ नावाची बोट बसऱ्याला आली, तेव्हा तिच्यावर आणि तिला जोडलेल्या तराफ्यांवर सहाशेच्या आसपास रुग्ण होते. दुरून बोटीच्या बाजूंनी दोर लोंबत असल्यासारखे वाटले. ते दोर नव्हते. हगवण झालेल्या, हलताही न येणाऱ्या माणसांना कोणी धुतले-पुसले नव्हते, त्याची ती निशाणी होती. कार्टरने हे वरिष्ठांना कळवले, तर त्यालाच अटकेची धमकी मिळाली.

वेढ्यातल्या आकड्यांची गोष्ट याहून विचित्र आहे. अन्न फार दिवस पुरणार नाही असे टाउनशेंडने सुरुवातीला कळवले, म्हणून सुटकेसाठी निघालेल्या सैन्याने पूर्ण जमवाजमव होण्याआधीच घाई केली. ६ ते २१ जानेवारी या पंधरा-सोळा दिवसांत तीन लढाया झाल्या आणि सुमारे आठ हजार माणसे कामी आली किंवा जखमी झाली. तिसरी लढाई हरल्यावर शहरातली कोठारे नीट धुंडाळली गेली आणि टाउनशेंडने नवा हिशेब पाठवला: अन्न ८४ दिवसांचे आहे. हाच हिशेब डिसेंबरात झाला असता तर? रणनीतीचे पंडित या प्रश्नावर शंभर वर्षे वाद घालत आहेत. वाणीसुद्धा महिन्याचा माल मोजून ठेवतो, एवढेच मला दिसते.

घोड्याचे मांस खायला बरेच हिंदी शिपाई तयार नव्हते. त्यासाठी हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानग्या मागवल्या गेल्या. विमानांतून पिठाची पोती टाकली गेली. एप्रिलच्या शेवटी ‘जुलनार’ ही बोट २७० टन अन्न घेऊन रात्री वेढा फोडायला निघाली, ती नदीतच तुर्कांच्या हाती पडली. २९ एप्रिल १९१६ ला कूत शरण गेले. सुमारे १३ हजार कैदी झाले. त्यांना सोडवण्याच्या खटपटीत २३ हजारांच्या आसपास माणसे मारली गेली किंवा जखमी झाली. सोडवायचे होते त्यांच्या पावणेदोन पट. कैदेतल्या ब्रिटिश शिपायांपैकी दर दहातले सात परतले नाहीत. हिंदी शिपाईही वाळवंटातल्या पायपिटीत आणि रेल्वेच्या कामावर हजारोंनी गेले.

आता पहिल्या परिच्छेदाकडे परत जाऊ. तिथे दोन आकडे मुद्दाम शेजारी ठेवले आहेत. युद्धापूर्वी दर शंभर लढवय्यांमागे न लढणारे २३ होते (४५ हजार भागिले १ लाख ९४ हजार). युद्धभर परदेशी गेलेल्यांत हेच प्रमाण शंभरामागे ७१ झाले (३ लाख ९१ हजार भागिले ५ लाख ५२ हजार). माझ्या मते ओढाताणीचा खरा पुरावा या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे. १९१४ चे सैन्य बंदुकीचे होते. समुद्रापार लढायला जे लागते ते पाणी, खेचर, बोट, डोली आणि डॉक्टर त्याच्याकडे जवळजवळ नव्हते. हे अंतर भरून निघेपर्यंत मधली दोन वर्षे शिपायांच्या जिवावर काढली गेली.

आणि ते भरून निघाले, हेही मान्य करायला हवे. सैन्य मोडेल अशी ज्यांना भीती होती, ते चुकीचे ठरले. बसऱ्याला धक्के बांधले गेले, रूळ टाकले गेले, नदीतला ताफा कित्येक पटींनी वाढला. जनरल मॉडने ११ मार्च १९१७ ला बगदाद घेतले, तेही बहुतांशी हिंदी सैन्याच्या बळावर. कार्टरची साक्ष ऐकणाऱ्या लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल त्याच वर्षी जूनमध्ये प्रसिद्ध झाला. हिंदुस्थान सरकारवर त्याने इतके कडक ताशेरे ओढले, की भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी मॉन्टेग्यू आले आणि ऑगस्टमध्ये जबाबदार राज्यपद्धतीची ती प्रसिद्ध घोषणा झाली. शाळेच्या पुस्तकात ही घोषणा असते, बोटी नसतात.

भरपाईची किंमत दुसऱ्यांनी मोजली. युद्धकाळात वर्षाला सरासरी १ लाख ८६ हजार लढवय्ये भरती झाले, म्हणजे पूर्वीच्या बारा पट. त्यांतले जवळजवळ निम्मे एकट्या पंजाबातून आले, आणि तिथे जिल्ह्या-जिल्ह्याला आकडे ठरवून देऊन केलेल्या सक्तीचा राग लोकांत धुमसत राहिला. ११ रुपये पगारातून स्वतःचे धान्य घेणाऱ्या शिपायाला सरकारी शिधा फुकट मिळू लागला, तो १९१७ मध्ये. हमाल पुरेनात, म्हणून तुरुंगांतून सुमारे १६ हजार कैदी शिक्षेत सूट देऊन मेसोपोटेमियात पाठवले गेले. आपल्याकडे मुंबईत नव्या वस्तुसंग्रहालयाची इमारत, आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, युद्धकाळात लष्करी इस्पितळ झाली. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली. गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागते ते त्यामुळे.

एक दार मात्र ओढाताणीनेच उघडले. महार समाजाची सैन्यभरती १८९० च्या दशकात बंद झाली होती. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ याच सैन्यात सुभेदार होते, पण त्यांच्या मुलांच्या पिढीला ‘लढवय्या जातीं’च्या सिद्धांताने बाहेर ठेवले. गोपाळबाबा वलंगकरांनी आणि नंतर शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज केले, ते पडून राहिले. १९१७ मध्ये माणसे कमी पडली तेव्हा १११ महार ही पलटण उभी झाली. युद्धाची गरज सरल्यावर, १९२१ मध्ये, ती मोडण्यात आली. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती १९४१ साली, दुसऱ्या महायुद्धात.